परमिट रूम, आंटी आणि खानावळ : मुंबईत 'बसायला' जाणाऱ्यांसाठी थोडा इतिहास

मंडळी, पोस्ट मोठी आहे. विरार फास्टमध्ये खिडकी मिळाली असेल तर बोरिवलीपर्यंत वाचून होईल, उभे असाल तर रात्री जेवल्यावर वाचा.

झालं असं, की माझ्या मामेभावाचा मुलगा, नालासोपाऱ्याला राहतो, गेल्या महिन्यात त्याला लोअर परळला नोकरी लागली. परवा त्याचा फोन. "काका, शनिवारी ऑफिसचं गँग बसणार आहे. कुठे जायचं ते मी ठरवायचंय. चांगला कॉकटेल बार सांगा ना. आणि त्याच्या आधी कुठे स्वस्तात खाता येईल असं पण एक." मी म्हटलं, अरे बाबा, मी आगाशीचा बातमीदार. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या पाणीप्रश्नावर विचार, कॉकटेलचं मला काय विचारतोस? तर म्हणाला, "तुम्ही कोर्सला मुंबईत होतात ना."

होतो. खोटं कशाला बोलू. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना दोन वर्षं मुंबईत काढली आणि वर्गात कमी, इराण्याकडे जास्त बसलो. तिथून पुढे परमिट रूमही पाहिल्या. त्यामुळे त्याला चार नावं सांगितली. पण फोन ठेवल्यावर डोक्यात चक्र सुरू झालं. आपण ज्या पाटीखालून आत जातो, त्या 'परमिट रूम' या शब्दाचा अर्थ आजच्या पंचविशीतल्या पोराला माहीत असेल का? कसलं परमिट? कुणी दिलेलं? आणि मुख्य म्हणजे या सगळ्याचा आपल्या वसई-विरार पट्ट्याशी केवढा जवळचा संबंध आहे, हे कुणी सांगितलंय त्याला?

तर सुरुवात आपल्याच वाडीतून करू.

आगाशी, अर्नाळा, नंदाखाल, खाली वसईपर्यंत हा सगळा माडा-ताडांचा पट्टा. बाहेरच्यांना आगाशी म्हटलं की सुकेळी आठवतात, पण केळीच्या बागांच्या बांधावर माड होते आणि माडावर भंडारी होता. पहाटे वर चढायचं, पोय कापायची, मडकं बांधायचं, दुसऱ्या दिवशी भरलेलं उतरवायचं. सूर्य वर यायच्या आत उतरवली तर नीरा, उन्हाने चढली तर माडी. ताडाची ती ताडी. ही नुसती नशेची गोष्ट नव्हती. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत फुग्यांचं पीठ माडीने फुगवायचे, व्हिनेगर घरात त्याचंच व्हायचं. आमच्या शेजारच्या वाडीतले भंडारी आजोबा म्हणायचे, माड हा वाडीतला कमावता मुलगा. त्यांच्या तोंडून मी हे लहानपणी किती वेळा ऐकलंय.

इंग्रज सरकारचं या कमावत्या मुलाकडे लक्ष गेलं. १८७८ साली मुंबई अबकारी कायदा आला. झाडावर कर, काढायला परवाना, विकायला परवाना. पुढे १८९२ च्या मोहरा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर निर्बंध आले. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा भंडारी आणि पूर्वेच्या डोंगरातला आदिवासी, दोघांच्या घरच्या पेयावर सरकारची नजर एकाच पिढीत बसली. सरकारला लोकांनी प्यायचं थांबावं असं वाटत होतं असं समजू नका. त्यांना महसूल हवा होता, आणि मोठ्या भट्टीतून येणाऱ्या दारूवर तो गोळा करणं सोपं. हजार माडांवर हजार माणसं चढतात, त्यांचा हिशेब कोण ठेवणार?

(जाता जाता एक गंमत. साहेबांचं सगळ्यात जुनं मिश्र पेय म्हणजे 'पंच'. हा शब्द आपल्या 'पाच'वरून गेला असं बरेच जण मानतात. अर्क, साखर, लिंबू, पाणी, मसाला, असे पाच जिन्नस. १६३८ साली सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो नावाच्या जर्मन प्रवाशाने अशा पेयाचा उल्लेख केलाय. सुरत म्हणजे आपल्याच रेल्वे लाइनवर, थोडं पुढे. तेव्हा कॉकटेल परदेशातून आलं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावं.)

आता परमिटकडे. १९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, बाळासाहेब खेर मुख्य. दारूबंदी हा गांधीजींचा कार्यक्रम, तो राबवायचा म्हणून डॉ. गिल्डर या मंत्र्यांनी १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. गिल्डर स्वतः पारशी, आणि शहरातली कितीतरी दारूची दुकानं पारशांची. त्यामुळे त्यांच्याच समाजात त्यांच्यावर किती राग असेल याची कल्पना करा. पण महिनाभरात महायुद्ध पेटलं, वर्षअखेरीच्या आत मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ती दारूबंदी टिकली नाही.

स्वातंत्र्यानंतर मात्र मोरारजीभाई गृहमंत्री होते आणि मोरारजीभाईंनी मनात आणलं की आणलं. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९. एप्रिल १९५० पासून सबंध मुंबई राज्य कोरडं. एफ. एन. बलसारा नावाचे एक पारशी गृहस्थ याविरुद्ध कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, मला घरात व्हिस्की-ब्रँडी-बिअर तर ठेवायचीच आहे, पण ओ-द-कोलोन आणि औषधी वाइनवर सुद्धा तुम्ही बंदी घालता? २५ मे १९५१ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. औषधं आणि प्रसाधनांबाबतची कलमं गेली, बाकी कायदा राहिला.

आणि तो अजूनही आहे! हे वाचून बऱ्याच जणांना धक्का बसेल. नाव आता 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' झालंय, पण आज मुंबईतला प्रत्येक बार, आपल्या विरारच्या हायवेवरचा प्रत्येक ढाबा-बार, याच दारूबंदीच्या कायद्याखाली चालतो. कायदा म्हणतो बंदी आहे, मग परवाना घेतला तर सूट आहे. पिणाऱ्याने परवाना घ्यायचा, तो कशासाठी, तर आरोग्य राखण्यासाठी. त्या काळात डॉक्टरचा दाखला लागायचा की या माणसाला दारू प्यायलाच हवी. असे दाखले देणारे डॉक्टर त्या काळी भलतेच लोकप्रिय असणार. मग परमिट असलेल्या माणसाने प्यायची वेगळी खोली, म्हणून 'परमिट रूम'. आजही एक दिवसाचा परवाना असतो आणि कागदोपत्री तो प्रत्येक ग्राहकाकडे असावा लागतो. बिअर-वाइनला वय २१, बाकीच्याला २५. भाच्यांनो आणि पुतण्यांनो, हे वाक्य दोनदा वाचा.

दारूबंदीत मुंबई खरंच कोरडी झाली का? श्रीमंतांनी परमिटं काढली. ताजमहाल हॉटेलात, जिथला हार्बर बार १९३३ चा आणि शहरातला पहिला परवानाधारक बार म्हणून सांगितला जातो, तिथे रंग उतरला. बॉलरूममध्ये जाझ वाजवणाऱ्या गोवेकर वादकांचं काम कमी झालं आणि त्यातले कितीतरी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. चिक चॉकलेट नावाने गाजलेले अँटोनियो झेवियर वाझ हे ताजमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. सी. रामचंद्र, म्हणजे आपले अण्णा चितळकर, यांच्या १९५१ च्या 'अलबेला'च्या संगीतात त्यांचा हात होता. हिंदी सिनेमात त्या काळी ट्रम्पेट-सॅक्सोफोन एवढे जोरात का आले, त्याचं थोडं श्रेय मोरारजीभाईंनाही द्यायला हवं. त्यांना ते आवडलं नसतं.

आणि गरीब, मध्यमवर्ग कुठे गेला? आंटीकडे. वांद्रे, माहीम, माझगाव, धोबीतलाव, गिरगाव. घराच्या पुढच्या खोलीत दोन बाकडी, एक टेबल, भिंतीवर येशूची तसबीर, उकडलेली अंडी, चणे, आणि काचेच्या ग्लासात घरगुती गाळलेली. चालवणारी बहुतेक वेळा विधवा किंवा नवरा बोटीवर असलेली ख्रिस्ती बाई. तिच्याकडे उधारी चालायची, शिवीगाळ चालायची नाही. जुन्या पत्रकारांच्या तोंडून मी आंटीच्या इतक्या गोष्टी ऐकल्यात, की मुंबईतल्या निम्म्या बातम्या तिथेच लिहिल्या गेल्या असाव्यात असं वाटतं. आज ज्याला लोक 'घरगुती वातावरणाचा छोटा बार' म्हणून शोधत फिरतात तो हाच, फक्त तेव्हा पोलीस आले की मागच्या दाराने पळावं लागायचं.

पण आंटीच्या ग्लासातली गाळलेली कुठून यायची, हा प्रश्न आपल्याकडे येतो. सगळी तिच्या मोरीत होत नव्हती. खाड्या, कांदळवनं, दलदल. जिथे पोलिसाचे बूट रुततात तिथे भट्टी लागते. वसईच्या खाडीचा हा सगळा भाग त्यासाठी बदनाम होता आणि ती बदनामी आपण उगाच नाकारू नये. काळा गूळ, नवसागर, ट्यूबमध्ये भरलेला माल, पहाटेची लोकल. ज्या किनाऱ्यावर माणूस माडावर चढून उजळ माथ्याने माडी काढत होता, तिथेच पुढे अंधारात पिंप गाडून दारू लागली. माडी दुपारपर्यंत आंबूनच जाते. हातभट्टीत काय पडेल याचा नेम नाही. आमच्या आळीत मी सातवीत असताना एकाची दृष्टी गेली. घरच्यांनी बाहेर 'मोतीबिंदू' सांगितलं. सगळ्यांना माहीत होतं.

हे जुनं झालं असं म्हणू नका. २००४ च्या डिसेंबरात विक्रोळीत विषारी दारूने ८७ माणसं गेली. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत शंभरच्या वर. तेव्हा मी नोकरीत होतो, डेस्कवरून आकडा दर तासाला वाढवत होतो. मेलेले सगळे हातावर पोट असलेले. पन्नास पावलांवर सरकारमान्य देशीचं दुकान असतानाही माणूस पिशवीतली घेतो, कारण ती स्वस्त. किती स्वस्त? चार-दोन नोटांचा फरक.

साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या सरकारने दारूबंदी सैल करायला सुरुवात केली, सत्तरीत परवाने बरेच सोपे झाले. मग शेट्टी मंडळींनी परमिट रूम उभ्या केल्या. उडुपी-मंगळूरकडून आलेले हे लोक आधी इडली-डोशात होते. माटुंग्याला ए. रामा नायक यांचं उडुपी बोर्डिंग १९४२ पासून केळीच्या पानावर जेवायला घालतंय, आजही घालतंय. पुढची पिढी 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार'मध्ये आली. काळोखी एसी खोली, काचेवर काळी फिल्म, चकण्याला शेंगदाणे-कांदा-टोमॅटो, मेन्यूकार्डात पंजाबी आणि चायनीज एकाच पानावर. कॉकटेल म्हणजे काय, तर लिंबूपाण्यात जिन. पण हिशेब चोख, कुणी तुम्हाला उठवत नाही आणि एकट्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही. फक्त पुरुषांचं राज्य, ही खरी खोट. आमच्या वर्गातल्या मुली आमच्याबरोबर इराण्याकडे यायच्या, परमिट रूमच्या दारातून परत जायच्या. आज त्या मुलाच्या ऑफिसच्या गँगमध्ये निम्म्या मुली आहेत. नवीन बारच्या महागाईला मी कितीही नावं ठेवली तरी हा एक बदल मला मनापासून पटतो.

आता लोअर परळ. इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण हा घरचा विषय.

त्या पोराचे आजोबा, म्हणजे माझे मामा, संगमेश्वरकडचे. लोअर परळला गिरणीत साचा चालवायचे. डिलाइल रोडला एका खोलीत पंधरा-सोळा जण, पाळीप्रमाणे झोपायचे. जेवण खानावळीत. ही खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. एखादी बाई आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस गडी जेवू घालायची, पैसे महिन्याने, पगाराला. पगार लांबला की तिने सावकाराकडून काढायचे. मामा ज्यांच्याकडे जेवायचे त्यांना ते 'वैनी' म्हणायचे. बुधवारी मासे, एकादशीला साबुदाणा, आणि कुणी आजारी असला तर पेज खोलीवर पोचवायची. सावकाराच्या फासातून या बायकांना सोडवायला प्रेमाताई पुरव उभ्या राहिल्या. गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या या बाईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण काय, तर एकमेकींची हमी. सूक्ष्म कर्ज वगैरे शब्द फॅशनमध्ये यायच्या आधीची ही गोष्ट.

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. डॉक्टर सामंतांबद्दल तुमची मतं काहीही असोत, तो संप मिटला असं कधी कुणी जाहीर केलंच नाही. मामा सहा महिने गावी गेले, परत आले, वॉचमन झाले, खोलीवरचा हक्क विकला आणि नालासोपाऱ्याला आले. आपल्या वसई-विरारच्या निम्म्या चाळींत अशीच घरं आहेत. वैनींची खानावळ संपात वर्षभर उधारीवर चालली, मग बंद पडली. मामांकडे शेवटपर्यंत एक चिठ्ठी होती, त्यांना देणं असलेल्या ३४० रुपयांची. ते द्यायला गेले तेव्हा खोलीत दुसरंच कुटुंब होतं.

गिरण्यांच्या आवारात पुढे मॉल, ऑफिसं, पब आले. कमला मिलमध्ये २०१५ साली 'द बॉम्बे कँटीन' उघडलं. त्यामागचे एक शेफ फ्लॉइड कार्डोझ, मूळ मुंबईचे, न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेले, २०२० च्या मार्चमध्ये कोविडने गेले. त्या जागेने एक काम चांगलं केलं. आपल्याकडच्या साध्या भाज्या, गावठी मसाले बारच्या टेबलावर मानाने आणले. आता तर फेणी, मोह यांची कॉकटेल मिळतात. ज्या मोहावर १८९२ ला कायदा झाला तो आज शेकड्यांनी रुपये मोजून पितात. मी एकदा कुणाच्या तरी निरोप समारंभाला गेलो होतो. 'कँटीन' ही पाटी वाचून मामांची आठवण आली. जेवण चांगलं होतं, खरं सांगतो.

त्याच कमला मिलमध्ये २८-२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री दोन गच्चीवरच्या पबना आग लागली. १४ माणसं गेली, बहुतेक तरुण, बरीचशी धुराने गुदमरून, स्वच्छतागृहाच्या आडोशाला. एक मुलगी तर आपला वाढदिवस साजरा करायला आली होती. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे हातोडे शहरभर फिरले. गच्चीवरची छपरं आदल्या दिवशी कुणाला दिसली नव्हती वाटतं.

म्हणून त्या पोराला मी काय सांगितलं ते इथेही लिहितो, कारण पाच-सहा जणांनी हेच विचारलंय. खायला आधी धोबीतलावचं कयानी, १९०४ पासूनचं, खिमा-पाव आणि मावा केक. दादरला उतरायचं असेल तर मामा काणे, १९१० पासून बटाटेवडा, किंवा आस्वादची मिसळ. फोर्टात असाल तर बेलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया, पण ते दुपारचं. साधं बसायचं असेल तर ताजच्या मागे गोकुळ, जिथे वकील, खलाशी आणि कॉलेजची पोरं एकाच भावात पितात. कुलाब्यात लिओपोल्ड १८७१ चं. मोंडेगारमध्ये मारियो मिरांडांची चित्रं बघायला तरी जा. कॉकटेलच प्यायचं असेल तर जिथे बारमागचा माणूस तुम्हाला 'गोड आवडतं की आंबट' एवढं विचारतो तिथे थांबा. मेन्यूत धूर, फुलं आणि टेस्ट ट्यूब जास्त असतील तर पाणी पिऊन निघा. मला एका ठिकाणी (नाव घेत नाही) धुराच्या ग्लासाचे साडेनऊशे लावले, त्यावर सेवाशुल्क, आणि वितळलेला बर्फ वजा केला तर चार घोट होते. सेवाशुल्क सक्तीचं नसतं, काढायला सांगता येतं, हे मला तेव्हा बोलायला सुचलं नाही.

आणि आत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे दुसरा जिना कुठे आहे ते बघणं. दुसरं, शेवटच्या विरार लोकलची वेळ. विरारला उतरल्यावर आगाशीची शेअर रिक्षा त्या वेळी नसते, स्पेशल करावी लागते, ते पैसे वेगळ्या खिशात ठेवा. बाइक अजिबात न्यायची नाही.

शनिवारी रात्री साडेदहाला त्याचा मेसेज आला. "काका, दोन जिने आहेत. एकाला कुलूप होतं, आम्ही मॅनेजरला सांगून उघडायला लावलं." मग एक फोटो, आवारातल्या जुन्या दगडी भिंतीचा. खाली लिहिलेलं, "आजोबा इथेच होते का?" मी लिहिलं, याच रस्त्यावर, दोन आवारं पुढे. घरी आलास की सांगतो.

एक विनंती. आगाशी, अर्नाळा, नंदाखाल, बोळिंज भागात अजूनही माडावर चढणारी घरं किती उरलीत याची मी नोंद करतोय. तुमच्या वाडीत कुणी असेल तर कमेंटमध्ये नुसतं वाडीचं नाव लिहा, माणसाचं नको. आणि कुणाच्या ट्रंकेत आजोबांचं पन्नास-साठ सालातलं दारूचं परमिट सापडलं, तर त्याचा फोटो टाका. आजोबांना कोणता आजार दाखवला होता, ते मला बघायचंय.